‘तुमच्याकडे असं का?’ : मुलीला वाढवण्याबद्दल आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही दापोली तालुक्यात, किनाऱ्यावरच्या एका गावात राहतो. घरात चार माणसं: सासूबाई, नवरा, मी आणि नऊ वर्षांची लेक. मी रोज एसटीने तालुक्याच्या गावी नोकरीला जाते. नवरा घर सांभाळतो आणि आगर, म्हणजे पोफळीची बाग, बघतो. लेक वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला आहे. दुसरं मूल आम्हाला नको होतं, त्यामुळे नाही. घरात तिच्यावर कोणी हात उचलत नाही.

एवढ्यावरून गणपतीत, शिमग्यात, लग्नाच्या पंगतीत आणि एसटीच्या थांब्यावर आम्हाला जे विचारलं जातं, ते खाली लिहिलं आहे. शहर सोडून कोकणात राहायला येणारी जोडपी विचारतात, गावातल्या नव्या आयाही विचारतात. त्यांचे प्रश्न मनापासूनचे असतात, म्हणून उत्तरंही नीट द्यावीशी वाटली.

हे सगळं जगावेगळं नाही का?

जग म्हणजे कुठलं, ते आधी बघू. आपल्या कोकणातच बघू.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. सिंधुदुर्गात १०३६. संपूर्ण महाराष्ट्रात मात्र ९२९. इथे मुली जास्त जन्माला येतात म्हणून हे आकडे असे आलेले नाहीत. इथले पुरुष मुंबईला होते. पिढ्यान्‌पिढ्या होते. गिरणीत, गोदीत, हॉटेलांत, दुसऱ्यांच्या घरी. गावाकडे यायची ती मनीऑर्डर, आणि गणपती-शिमग्याला चाकरमानी. मुलं वाढवली ती आईने, आजीने, नवऱ्यामागे गावीच राहिलेल्या काकीने आणि शेजारच्या घराने.

माझे सासरे गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर ते कायमचे गावी आले, तेव्हा माझे थोरले दीर दहा वर्षांचे होते. ते सांगतात, ‘त्याआधी बाबा आले की मी आजीच्या मागे लपायचो आणि हळूच विचारायचो, हा पाव्हणा जाणार कधी?’ या घराला कोणी जगावेगळं म्हटलं नाही, कारण वाडीतलं प्रत्येक घर असंच होतं.

तसंच शिक्षणाचं. सातवीच्या पुढे गावात शाळा नसली की पोराला मामाकडे ठेवायचं, मुंबईच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत काकाकडे पाठवायचं, त्याही आधीच्या काळात रोज वेगळ्या घरी वार लावून जेवायला ठेवायचं. दहा-बारा वर्षांचं मूल आईपासून दूर राहणं ही आपल्याकडची रीतच होती.

माझ्या लक्षात आलेली गोष्ट एवढीच आहे: गरजेपोटी केलं तर लोक त्याला रीत म्हणतात, विचार करून केलं की तऱ्हा म्हणतात. मुलाच्या दृष्टीने दोन्हीत काय फरक पडतो, हे कोणी विचारत नाही. आम्ही तेवढंच विचारायचा प्रयत्न करतो.

पण रीत मोडली की त्रास होतोच ना?

होतो. आमच्या शेजारच्या मुरुडचं उदाहरण द्यावंसं वाटतं. धोंडो केशव कर्वे मूळचे तिथले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवा बाईंशी लग्न केलं. त्याच आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. गावाने बहिष्कार टाकला. स्वतःच्या घरी उतरायची चोरी झाली, आणि त्याची झळ आईला आणि भावंडांना बसली. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. आज त्याच गावात त्यांचं नाव अभिमानाने सांगतात.

त्यांचा मुलगा रघुनाथ याची गोष्ट मला जास्त जवळची वाटते. ते गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी मूल न होऊ देण्याचं ठरवलं आणि तसंच राहिले. आज आरोग्य उपकेंद्रातली आशाताई घरोघर जाऊन जे समजावते, ते त्या काळी छापणंसुद्धा गुन्हा ठरत होतं.

आमचं धाडस यांच्या पासंगालाही पुरणार नाही. पण कोणी ‘आपल्यात असं नसतं’ म्हटलं, की मला वाटतं, ‘आपल्यात’ हे नेमकं कुठल्या सालातलं?

एकच मूल? आणि तीही मुलगी?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि दुसरा अर्धा नेहमी हलक्या आवाजात येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर १.७ आला होता, म्हणजे सरासरीने बाईमागे दोन मुलंही नाहीत. तेव्हा एक मूल ही काही आमच्याच घरची गोष्ट राहिलेली नाही.

राहिला वंशाचा प्रश्न. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. तरीही आमच्याकडे वडील गेले की तलाठ्याकडे जायच्या आधी बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतात, आणि ‘माहेर तुटेल’ या भीतीने त्या सही करतात. मीही केली आहे. माझ्या लेकीला ती सही करावी लागणार नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. आगरातल्या पोफळी तिने लावल्या आहेत, आजीबरोबर. त्या तिच्याच आहेत.

एकटी पडेल का? कधीकधी पडते. दिवाळीत चुलत भावंडं मुंबईला परत गेली की दोन दिवस जेवत नाही. ‘मला भाऊ का नाही?’ असं तिने विचारलं आहे. ‘आम्हाला एकच मूल हवं होतं, ते तू आहेस’ असं आम्ही सांगितलं. तिचं पूर्ण समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

नवरा घरी आणि तुम्ही नोकरीला. सासूबाईंना चालतं?

पहिलं वर्ष चाललं नाही.

मला नोकरी लागली तेव्हा लेक दीड वर्षाची होती. नवरा तेव्हा चिपळूणला कामाला होता, आठवड्यातून एकदा यायचा. आम्ही हिशेब मांडला. माझा पगार बरा होता, नोकरी पक्की होती आणि आगराकडे बघायला कोणी नव्हतं. त्याने काम सोडलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण तो भांडी घासायला बसला की त्या पडवीत जाऊन बसायच्या. त्याने पोरीला पेज भरवली, तिचे लंगोट खळ्यात वाळत घातले की पाखाडीवरून कोणी येतंय का ते बघायच्या.

बदल कसा झाला ते सांगते. एकदा तापाने लेक फणफणली होती. मला सुट्टी मिळाली नाही. तो तीन रात्री तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत होता. चौथ्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, ‘तुझ्या सासऱ्यांनी पोरांच्या तोंडात घास कधी घातला नाही गो. घालणार कसा, ते इथे होतेच कुठे? माणूस वाईट नव्हता.’ त्या दिवसापासून त्या त्याला बांगडे साफ करायला शिकवायला लागल्या.

आता तो लेकीच्या दोन वेण्या माझ्यापेक्षा घट्ट घालतो. अडचण बाहेरच येते. शाळेत माता-पालकांची सभा असते. पहिल्या सभेला तो गेला तर ‘आईंना पाठवा’ म्हणून परत पाठवलं. मी नंतर बाईंना जाऊन भेटले. म्हटलं, तिला गृहपाठ कुठला आहे, तिचा दात कधी पडला, हे त्यालाच माहीत असतं, मला संध्याकाळी कळतं. आता तो त्या सभेत एकटा पुरुष म्हणून बसतो. बायका आधी गप्प व्हायच्या, आता होत नाहीत.

गावातल्या पुरुषांना एक सांगावंसं वाटतं. कोकणात वडील घरी असणं हीच गेल्या शंभर वर्षांतली दुर्मिळ चैन आहे. ज्यांना ती मिळते आहे, त्यांनी ती वाया घालवू नये.

परवडत असून मराठी शाळेत का?

कारण ती घरापासून सात मिनिटांवर आहे, आणि इंग्रजी शाळेची गाडी सकाळी पावणेसातला येते. जाऊन-येऊन अडीच तास गाडीत. पावसाळ्यात जास्त.

दुसरं कारण भाषेचं. तिला जे दिसतं, कळतं, ते सगळं मराठीत आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्येही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. आणि ‘खेडेगावातल्या मराठी शाळेत पोरं मागे पडतात’ म्हणणाऱ्यांनी दहावीचे निकाल बघावेत. कोकणचं विभागीय मंडळ वेगळं झाल्यापासून हा विभाग राज्यात सातत्याने पहिला येतो. यातली कितीतरी मुलं अशाच वाडीवरच्या शाळांतून वर गेलेली असतात.

त्रुटी आहेत, त्या लपवत नाही. शाळेचा पट चौदा आहे. दोन शिक्षक चार वर्ग घेतात, त्यातला एक निवडणुकीच्या किंवा माहिती भरण्याच्या कामात असतो. वीसच्या आतल्या पटाच्या शाळांचं काय करायचं, ही चर्चा अधूनमधून येते आणि प्रत्येक वेळी आमच्या पोटात गोळा येतो. ज्यांना परवडतं त्या प्रत्येकाने मूल काढून घेतलं, तर पट कमी झाला म्हणून शाळा बंद होणार, आणि ज्यांना परवडत नाही त्यांची मुलं चालत दुसऱ्या गावी जाणार. आमचं मूल त्या चौदांत आहे याला म्हणून अर्थ आहे. इंग्रजी आम्ही घरी रोज अर्धा तास वाचतो.

शाळेतच न घालता घरी शिकवलं तर? कायदा आड येतो का?

शहरातून इथे येणारे हे हमखास विचारतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य त्यात म्हटलं आहे, पण न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. घरच्या शिक्षणाला त्यात वेगळा परवानाही नाही. पुढे परीक्षा द्यायची तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करता येते, त्यासाठी वय किमान चौदा लागतं. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायची असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरतात. आणि मध्येच शाळेत परतायचं ठरलं, तर वयानुसार वर्गात प्रवेश मिळण्याचा हक्क याच कायद्यात आहे. हे महत्त्वाचं आहे, कारण परतीची वाट उघडी राहते.

माझं मत विचाराल तर गावात येऊन हे करू नका, निदान लहान वयात नको. शहरात घरी शिकणाऱ्या मुलांचे गट असतात. इथे दहा ते पाच वाडी रिकामी असते. मुलं असतात ती शाळेत. तुमचं मूल झाडावर चढायला शिकेल, पण कोणाबरोबर?

तिला समुद्रावर एकटी सोडता?

एकटी नाही. तिघं असतील तरच, आणि त्यांतलं एक बारा वर्षांच्या वरचं.

आजीने तिला भरतीचं गणित शिकवलं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरती साधारण किती वाजता पूर्ण होते ते येतं. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. यासाठी ती पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, शिकली, जी आता शाळेत शिकवत नाहीत. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाण्यात पाय नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वाळूवर ओढलेल्या असतात. त्या दिवसांत बुडणाऱ्याला आणायला जाणार कोण? म्हणून तेव्हा पाणी पूर्ण बंद. ती हे कारण स्वतः दुसऱ्या मुलांना सांगते.

मला समुद्रापेक्षा गडग्यांची, म्हणजे दगडी कुंपणांची, भीती जास्त वाटते. जांभ्याच्या दगडांत विंचू असतात, फुरशी असतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली आणि जिथे शंभरातली चाळीस माणसं दगावत, तिथे ते प्रमाण एकावर आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामामुळे आज इथली किती मुलं जिवंत आहेत, हे आठवून मला दर वेळी भरून येतं. पण औषध वेळेत मिळायला हवं. म्हणून आमचे नियम: पायात चप्पल, अंधारात बॅटरी, दगडाच्या फटीत हात नाही. आणि काही चावलं तर मांत्रिक नाही, उतारा नाही, घट्ट दोरी बांधणं नाही, थेट रुग्णालय. हे लेकीला पाठ आहे, आणि आम्ही घरी नसताना ती शेजारच्या काकांना सांगेल, असं तिच्याकडून म्हणवून घेतलं आहे.

मारत नाही, मग ऐकते कशी?

हळूहळू. कधीकधी ऐकत नाही.

ती चार वर्षांची असताना मी एकदा मारलं होतं. तिने तांदळाच्या डब्यात पाणी ओतलं होतं आणि मला एसटी गाठायची होती. संध्याकाळी मी घरी आले तर ती माजघराच्या दाराआड उभी राहिली, पुढे आली नाही. दिरांची ती ‘पाव्हणा’ची गोष्ट मला त्या क्षणी आठवली. त्यानंतर नाही. शाळेत मारायला कायद्याने बंदी आहे, त्यात मानसिक छळही येतो. घरात तशी तपासणी करायला कोणी येत नाही, म्हणून ती जबाबदारी आपलीच.

लस, घुटी, घरगुती उपाय यांतही तुमचं वेगळं काही आहे का?

नाही. इथे वेगळेपणाला जागा नाही. सगळ्या लसी वेळेवर, उपकेंद्रात, फुकट मिळतात. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. घुटी नाही, पाणी नाही. वर्षाच्या आत मध नाही. तेलाचं मालिश खुशाल करावं, पण नाकात-कानात तेल नाही. घुटीवरून सासूबाईंचं आणि माझं भांडण झालं होतं. मी माघार घेतली नाही.

मग कुठे आपल्या मनाने वागायचं आणि कुठे नाही, हे कसं ठरवता?

दोन गोष्टी बघतो. एक, चुकलं तर परत फिरता येतं का? शाळा बदलता येते, नवरा पुन्हा नोकरी करू शकतो. गोवर झालेल्या मुलाला मागच्या तारखेने लस देता येत नाही. दोन, किंमत कोण मोजतं? आमच्या निवडीबद्दल टोमणे मला आणि नवऱ्याला बसत असतील तर ते आम्ही सोसू. ते लेकीला शाळेत ऐकावे लागत असतील, तर आम्हाला थांबून विचार करावा लागतो.

तिला पाळी आल्यावर बाजूला बसवणार का?

नाही. पाळी म्हणजे काय, हे तिला आम्ही आत्ताच सांगितलं आहे, बापाच्या समोर. ‘कावळा शिवला’ हे शब्द आमच्या घरात वापरत नाही. सासूबाईंनी घरातल्या वावराबद्दल मान्य केलं आहे. शिमग्यात पालखी घरी येते, त्या दिवसाचं मात्र अजून ठरलेलं नाही. त्या म्हणतात, ‘देव माझ्या दारात येतो तेवढा एक दिवस मला सोडा.’ त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे आणि माझी लेक त्या दिवशी कोपऱ्यात बसलेली मला बघवणार नाही. यावर आम्ही अजून बोलतो आहोत.

नावात आईचं नाव लावता का?

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम राज्यात सक्तीचा आहे. आमची त्याआधीची, त्यामुळे दाखल्यावर जुनंच आहे. वह्यांवर ती दोघांची नावं लिहिते.

मोठी झाल्यावर ती याबद्दल काय म्हणेल?

मोठं व्हायची वाट बघावी लागली नाही. तिची मैत्रीण मागच्या जूनमध्ये गाडीने इंग्रजी शाळेत जायला लागली. गेल्या महिन्यात लेक म्हणाली, मलाही तिकडे जायचं आहे. कारण विचारलं तर म्हणाली, ‘वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. आता मी एकटी आहे.’

पटाबद्दल, मातृभाषेबद्दल मी वर जे लिहिलं ते सगळं मला खरंच वाटतं. तिचं म्हणणंही खरं आहे. नवऱ्याचं मत आहे की पाचवीला तसंही दुसऱ्या शाळेत जावं लागणार, तेव्हा केंद्रशाळा आणि ती इंग्रजी शाळा, दोन्ही तिला एकेक दिवस दाखवून आणू. सासूबाई म्हणतात, गाडीत पोर दमेल. जूनच्या आधी ठरवायचं आहे. येत्या शनिवारी आम्ही तिघं पावणेसातच्या त्या गाडीने जाऊन बघणार आहोत.